महापौर, मासा आणि किनारा

दोन तासांच्या ‘जॉज’मध्ये शार्क नीट, अख्खा असा पहिल्यांदा दिसतो तो सुमारे 81 मिनिटं उलटल्यावर. तोवर पडद्यावर काय चालू असतं? अ‍ॅमिटी नावाचं एक बेट. उन्हाळ्याच्या सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांवर वर्षभराची चूल पेटवणारे तिथले दुकानदार आणि लॉजवाले. न्यूयॉर्कची नोकरी सोडून आलेला, पाण्याला घाबरणारा पोलीसप्रमुख. आणि नांगरांची नक्षी असलेला कोट घालून ‘सगळं ठीक आहे’ म्हणत फिरणारा महापौर. मासा बाजूला काढला तरी ही गोष्ट उभी राहते. हेन्रिक इब्सेननं 1882मध्ये ‘अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल’ लिहिलं. त्यात स्नानगृहांसाठी नावाजलेल्या गावातलं पाणी दूषित असल्याचं डॉक्टरच्या लक्षात येतं आणि गावचा महापौर, म्हणजे त्याचाच सख्खा भाऊ, ते दाबू पाहतो. सत्यजित राय यांनी त्या नाटकाचा ‘गणशत्रू’ केला तेव्हा ते पाणी देवळातलं तीर्थ झालं. अ‍ॅमिटीत ते समुद्राचं आहे आणि त्यात जंतूंऐवजी पंचवीस फुटी मासा आहे.

शार्कपटांचा विषय निघाला की वाद बहुधा एकाच ठिकाणी घुटमळतो: शार्क खरंच असा वागतो का? नाही वागत. तो वाद जीवशास्त्रज्ञांनी केव्हाच जिंकला आहे. मला जास्त रस वाटतो तो या सिनेमांतली माणसं समुद्रावर कशासाठी येतात यात. ती पोहायला येतात, लाटांवर फळी घेऊन खेळायला येतात, पिंजऱ्यात बसून फोटो काढायला, प्रयोग करायला, तेल उपसायला येतात. समुद्र त्यांच्या लेखी एक तर सहलीचं ठिकाण असतो, नाही तर कोठार. शार्क येतो तो या व्यवहारात खोडा घालायला. गेल्या पन्नास वर्षांत त्याचं काम बदलत गेलं. आधी तो खलनायक होता, मग माणसाच्या पापाची शिक्षा देणारा जल्लाद झाला. मासा म्हणून मात्र त्याला एकाही गाजलेल्या शार्कपटानं जगू दिलेलं नाही.

ही भीती सिनेमानं जन्माला घातली असं नव्हे. जॉन सिंगलटन कॉप्लीचं ‘वॉटसन अँड द शार्क’ हे चित्र 1778चं. हवानाच्या बंदरात 1749मध्ये पोहायला उतरलेल्या चौदा वर्षांच्या खलाशी पोराचा पाय शार्कनं तोडला, त्याचा हा प्रसंग. पोरगं वाचलं, व्यापारात पुढे आलं आणि लंडनचं लॉर्ड मेयर झालं. (महापौर आणि शार्क यांचा संबंध असा जुना आहे.) टर्नरनं 1840मध्ये गुलामांच्या जहाजाचं चित्र रंगवलं. त्यात बेड्यांसकट पाण्यात फेकलेली माणसं आहेत आणि त्यांच्यावर तुटून पडलेले मासे आहेत, पण राक्षस मासे नाहीत. राक्षस जहाजावर बसून दूर निघून चालला आहे.

सुरुवातीच्या सिनेमातला शार्कही कष्टकऱ्यांच्या जगातला होता. मुर्नाऊच्या ‘टाबू’त (1931) मोत्यांच्या निषिद्ध जागेवर शार्कचा पहारा असतो. हॉवर्ड हॉक्सच्या ‘टायगर शार्क’मध्ये (1932) ट्यूना पकडणाऱ्या नाखव्याचा हात शार्कनं नेलेला असतो. दोन्हीकडे माणसं पोटासाठी पाण्यात उतरतात. धोका त्या धंद्यातच धरलेला असतो.

भय वाळूवर आलं ते सहलीला येणाऱ्यांबरोबर. आगगाडीमुळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शहरातला मध्यमवर्ग आठ-पंधरा दिवस येऊन राहू लागला, तेव्हा तिथल्या थंड पाण्यात शार्क माणसाच्या वाटेला जात नाहीत असा समज पक्का होता. न्यूयॉर्कचा धनिक हर्मन ओलरिक्स यानं 1891मध्ये 500 डॉलरचं बक्षीस लावलं होतं: उत्तरेकडच्या किनाऱ्यावर शार्कनं जिवंत माणसाला चावल्याचा पुरावा आणा आणि पैसे घेऊन जा. बक्षीस तसंच पडून राहिलं. मग 1916चा जुलै उजाडला. न्यू जर्सीत 1 ते 12 तारखेदरम्यान चौघं मेले आणि एक जखमी झाला. त्यातले तिघं तर उघड्या समुद्रातही नव्हते, मटावन नावाच्या आत घुसलेल्या खाडीत होते. हॉटेलं ओस पडली आणि विषय थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत गेला. गिऱ्हाइकाचं रक्त सांडलं की सरकार हलतं. पुढे ‘जॉज’मध्ये महापौराला पटवताना 1916चाच दाखला दिला जातो.

पीटर बेंचली यांची कादंबरी फेब्रुवारी 1974मध्ये आली आणि स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा 20 जून 1975ला. कादंबरीत मासा कमी आणि भानगडी जास्त. पोलीसप्रमुखाची बायको मत्स्यशास्त्रज्ञाच्या नादी लागते, महापौराच्या मानगुटीवर माफिया बसलेला असतो. स्पीलबर्गनं ते सगळं छाटलं, फार बरं केलं. पण खऱ्या समुद्रातच चित्रीकरण करायचं हा हट्ट त्याला महागात पडला. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर 55 दिवसांत उरकायचं काम 159 दिवस रखडलं आणि खर्च दुपटीच्या वर गेला. तीन यांत्रिक शार्क बनवले होते. त्यांना सगळे ब्रूस म्हणत. ते स्पीलबर्गच्या वकिलाचं नाव. खाऱ्या पाण्यानं त्यांच्या यंत्रणेची वाट लावली. ब्रूस चालेना, म्हणून कॅमेरा पाण्याच्या पातळीवर आला, कधी पाण्याखाली जाऊन माशाच्या नजरेनं वर तरंगणारे पाय पाहू लागला. शार्कच्या बदली पिवळी पिंपं पाण्यावर धावली आणि बाकीचं जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनी निभावलं. ही कहाणी सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे, त्यामुळे तिचा एक परिणाम नजरेतून सुटतो. यंत्र चाललं असतं तर लोक एका माशाला घाबरले असते. ते बंद पडलं आणि लोक पाण्यालाच घाबरू लागले.

किंटनरच्या पोराचा प्रसंग बघा. पोलीसप्रमुख ब्रॉडी वाळूत खुर्ची टाकून पाण्याकडे डोळे लावून बसला आहे. समोरून माणसं आडवी जातात, आणि प्रत्येक जाणाऱ्याच्या अंगाआड दृश्य कापून कॅमेरा ब्रॉडीच्या आणखी जवळ सरकतो. पाण्यात काळं काहीतरी दिसतं. ती एका म्हाताऱ्याची पोहायची टोपी निघते. एक मुलगी किंचाळते. तिच्या मित्रानं तिला पाण्यातून खांद्यावर उचललेलं असतं. मध्येच एक गावकरी येऊन घरासमोरच्या पार्किंगची तक्रार ऐकवतो आणि ब्रॉडी त्याच्या खांद्यावरून पाण्याकडे बघत मान हलवत राहतो. कुत्र्यासाठी फेकलेली काठी पाण्यावर तरंगते आहे, कुत्रा मात्र नाही. मग तरंगत्या गादीवर पालथा पडून हात मारणारा छोटा अ‍ॅलेक्स, रक्ताचं कारंजं, आणि ब्रॉडीच्या चेहऱ्यावरचा तो प्रसिद्ध शॉट, ज्यात माणूस जागेवर आणि मागचं सगळं जग लांब पळतं. आया धावत येऊन आपापली पोरं ओढून नेतात. एक आई उरते. तिला अजून काही कळलेलं नाही, ती नुसत्या हाका मारते आणि फाटकी गादी काठाला लागते. व्हर्ना फील्ड्स यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. काही प्रसंगांनंतर हीच बाई काळ्या कपड्यांत येऊन ब्रॉडीच्या थोबाडीत मारते. धोका माहीत असून किनारा उघडा ठेवलात, एवढंच तिचं म्हणणं. त्यात माशाबद्दल राग दिसत नाही.

ब्रॉडी ती थप्पड खातो, कारण महापौर तिथे खाणार नसतो. बोरिस जॉन्सन यांनी पंतप्रधान होण्याच्या बऱ्याच आधी या महापौराला आपला नायक म्हटलं होतं, कारण त्यानं किनारे बंद केले नाहीत. करोनाच्या काळात ब्रिटनमध्ये लोकांना ते वाक्य आठवलं.

शार्कच्या शिकारीला निघालेल्या बोटीवर रात्री क्विंट हा शिकारी ‘इंडियानापोलिस’ युद्धनौकेची हकीकत सांगतो, तो शार्कपटांतला सर्वांत प्रभावी प्रसंग मानला जातो. मलाही तो आवडतो, पण त्यातला हिशेब तपासण्याजोगा आहे. क्विंटच्या म्हणण्यानुसार 1,100 माणसं पाण्यात पडली, 316 बाहेर आली आणि बाकीची शार्कनी नेली. प्रत्यक्षात 30 जुलै 1945ला जपानी पाणबुडीनं ही नौका बुडवली तेव्हा तिच्यावर 1,200च्या जवळपास माणसं होती. त्यातली तीनशेच्या आसपास नौकेबरोबरच गेली. पाण्यात राहिलेल्यांपैकी पुष्कळ जण तहानेनं, उन्हानं, जखमांनी आणि खारं पाणी पिऊन मेले. शार्कनी माणसं नेली हे खरं, पण मुख्य मारेकरी ते नव्हते. नौका ठरल्या वेळी पोचली नाही याची दखल दिवसचे दिवस कुणी घेतली नाही. नौदलाचा हलगर्जीपणा असा माशाच्या खात्यावर जमा झाला. हिरोशिमावर पडलेल्या बाँबचे भाग हीच नौका टिनियन बेटावर उतरवून पुढे निघाली होती. क्विंट तेही सांगतो, पण प्रेक्षकाच्या लक्षात राहतात शार्कचे डोळे.

सिनेमात खऱ्या ग्रेट व्हाइट शार्कची जी थोडी दृश्यं आहेत ती रॉन आणि व्हॅलरी टेलर या ऑस्ट्रेलियन जोडप्यानं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात घेतली. मासा मोठा भासावा म्हणून मुद्दाम छोटा पिंजरा आणि ठेंगणा माणूस नेला होता. एक शार्क पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकला आणि त्यानं सुटण्यासाठी जिवाच्या आकांतानं धडपड केली. पिंजरा तेव्हा रिकामा होता. चित्रण इतकं थरारक निघालं की पटकथा वाकवावी लागली, आणि कादंबरीत मरणारा मत्स्यशास्त्रज्ञ हूपर सिनेमात पिंजऱ्याबाहेर निसटून वाचला. आपण जो हल्ला म्हणून पाहतो ती अडकलेल्या जनावराची झटापट आहे. शेवटी ब्रॉडी शार्कच्या जबड्यात अडकलेल्या पाणबुड्याच्या हवेच्या नळकांड्यावर गोळी झाडतो आणि मासा फुटतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात, गोष्ट संपते.

बाहेर ती संपली नाही. सिनेमानंतर अमेरिकेत शार्क मारण्याच्या स्पर्धांना जोर चढला. बेंचली यांना पुढे त्याचं वाईट वाटलं आणि 2006मध्ये मरेपर्यंत ते सागरी संवर्धनासाठी लिहीत-बोलत राहिले. स्पीलबर्ग यांनीही 2022मध्ये बीबीसीवर खंत बोलून दाखवली. ती प्रामाणिक असेल, पण तिच्यात स्वतःकडे जरा जास्तच श्रेय घेतल्यासारखं वाटतं. 1970पासून खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटली, असं 2021मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात म्हटलं आहे. वर्षाला अंदाजे 10 कोटी शार्क मरतात, हा 2013मधल्या एका अभ्यासाचा आकडा. ते मैलोन्‌मैल लांबीच्या गळांवर, जाळ्यांत, परांच्या सुपासाठी आणि मांसासाठी मरतात. हौशी शिकाऱ्यांचा वाटा त्यात फार छोटा. उलट बाजूला, शार्कनं विनाकारण माणसाला चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण साठ-सत्तर, मृत्यू पाच-सहा. ग्रेट व्हाइटची मादी वयात यायलाच तीस-एक वर्षं घेते, म्हणजे मारलेल्याची भरपाई लवकर होत नाही. एवढा संहार एका सिनेमानं केला असं मानणं हाही हॉलिवूडचाच तोरा. सिनेमानं केलं ते वेगळं. त्यानं हे मासे मेले तर कुणी हळहळणार नाही याची सोय करून ठेवली.

त्या सोयीचा वापर सरकारंही करतात. ख्रिस्तोफर नेफ या अभ्यासकानं 2015मध्ये ‘जॉज परिणाम’ असं नाव देऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या धोरणाची चिकित्सा केली. शार्क ठरवून माणसाला चावतो, चावला की माणूस मरतोच, आणि तो शार्क मारला की प्रश्न मिटतो, अशा तीन सिनेमाई समजुती धोरणात कशा उतरल्या हे त्यानं मांडलं. त्या राज्यानं 2014च्या सुरुवातीला किनाऱ्याजवळ गळ लावून मोठे शार्क मारायची मोहीम चालवली होती. दीडशेहून जास्त शार्क गळाला लागले. जवळपास सगळे टायगर शार्क. ज्याच्या भीतीनं हे सगळं केलं तो ग्रेट व्हाइट एकही नाही.

‘जॉज’च्या पुढच्या भागांवर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. ‘जॉज 2’ (1978) पहिल्याचीच छाया. ‘जॉज 3-डी’ (1983) मत्स्यालयाच्या करमणूक-उद्यानात घडतो. ‘जॉज: द रिव्हेंज’मध्ये (1987) शार्क ब्रॉडीच्या कुटुंबावर सूड उगवायला थेट बहामापर्यंत पाठलाग करतो आणि चक्क डरकाळी फोडतो, शार्कला आवाज काढायला अवयवच नाही. त्याच्या चित्रीकरणात अडकल्यामुळे मायकल केनला स्वतःचं ऑस्कर घ्यायला जाता आलं नाही. नकलांचा तर पूर आला. इटालियन ‘द लास्ट शार्क’ (1981) इतका हुबेहूब होता की ‘जॉज’च्या निर्मात्या युनिव्हर्सल स्टुडिओनं तो अमेरिकेतल्या थिएटरांतून उतरवायला लावला. जो डांटेचा ‘पिरान्हा’ (1978) हाच काय तो हसत हसत केलेला, म्हणून चांगला. नकलांमध्ये आपलाही एक नंबर आहे. ‘आतंक’ 1996मध्ये प्रदर्शित झाला. धर्मेंद्र, हेमामालिनी, विनोद मेहरा, अमजद खान. यातले विनोद मेहरा 1990मध्ये आणि अमजद खान 1992मध्ये गेलेले होते, यावरून सिनेमा किती वर्षं डब्यात होता हे कळावं. त्यात मच्छीमारांचं गाव होतं, मोती होते, त्यावर डोळा ठेवणारा दादा होता. म्हणजे पोटासाठी पाण्यात जाणाऱ्यांचा शार्कपट करायची संधी हातात होती. मासा मात्र अमेरिकेतून उचललेला निघाला.

बदल झाला तो रेनी हार्लिनच्या ‘डीप ब्लू सी’पासून (1999). अल्झायमरवर औषध मिळावं म्हणून शास्त्रज्ञ समुद्रातल्या प्रयोगशाळेत माको शार्कचे मेंदू मोठे करतात, आणि मोठ्या मेंदूचे शार्क हिशेब चुकता करतात. सॅम्युअल जॅक्सनचं पात्र धीर देणारं लांबलचक भाषण ठोकत असताना मागून शार्क येऊन त्याला घेऊन जातो. वीररसाची इतकी झटपट बोळवण दुसऱ्या कुठल्या सिनेमानं क्वचितच केली असेल. शेवटाबद्दलची गोष्ट जास्त बोलकी आहे. आधी शास्त्रज्ञ नायिका वाचणार होती. चाचणी-खेळांना आलेले प्रेक्षक खवळले. हे सगळं हिनंच घडवलं, ही कशी वाचते? मग शेवट बदलून तिला शार्कच्या तोंडी दिलं. एकोणीसशे पंचाहत्तरच्या प्रेक्षकाला मासा मेलेला हवा होता, नव्व्याण्णवच्या प्रेक्षकाला बाईही मेलेली हवी होती. न्याय करणारा मात्र शेवटी फुटून मरतोच.

तेव्हापासून शार्कच्या आधी माणसाचा गुन्हा दाखवायची रीत पडली. ‘द मेग’मध्ये (2018) अब्जाधीशाच्या पैशावर खोल समुद्रात घुसलेली मंडळी मेगालोडॉनला वर यायची वाट करून देतात. हा प्राणी खरा होता, पण सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. चिनी भांडवल असलेल्या या सिनेमात शार्कचे पर कापणाऱ्यांच्या फोडलेल्या बोटी दिसतात हे धाडसाचं म्हणायला हवं, पण ते दृश्य येतं आणि जातं. ‘मेग 2’मध्ये (2023) बेकायदा खाणकाम, ‘द ब्लॅक डीमन’मध्ये (2023) मेक्सिकोजवळची गळकी तेलविहीर. गुन्हा दर वेळी नवा, कायदेशीर शब्दांत मांडलेला. शिक्षा तीच, चावून.

या वाटेवरचा सर्वांत धारदार सिनेमा फ्रेंच आहे. झाविये जँसचा ‘अंडर पॅरिस’ नेटफ्लिक्सवर जून 2024मध्ये आला, ऑलिंपिकला जेमतेम दोन महिने उरले असताना. सीन नदी पोहण्यालायक झाली का, यावरून तेव्हा पॅरिसमध्ये खरोखरच वाद पेटला होता. सिनेमा सुरू होतो प्रशांत महासागरातल्या प्लॅस्टिकच्या ढिगात आणि पोचतो सीनच्या तळाशी, जिथे बदललेल्या पर्यावरणाशी जुळवून घेतलेली माको मादी पिलं देते आहे. पॅरिसच्या महापौरबाई ट्रायथलॉन रद्द करायला तयार नाहीत. अ‍ॅमिटीच्या महापौरांनी त्यांना ओळखलं असतं. पर्यावरणवादी तरुण पोरं माशाला वाचवायला भूमिगत कालव्यात जमतात आणि तिथेच त्यांची खांडोळी होते. हे दृश्य मला खटकलं. प्राण्यावर माया करणाऱ्याला मूर्ख ठरवून मारणं सोपं असतं. पण शेवट दिग्दर्शकानं बदलला नाही, गोंजारला नाही. नदीतळातले महायुद्धाच्या काळातले बाँबगोळे फुटतात, शहर बुडतं आणि शार्क पोहत राहतात. मासा न मारता संपणारा शार्कपट, यातच अर्धी बाजी जिंकली.

‘शार्कनाडो’ (2013) आणि तिच्या बहिणींचा इथे उल्लेख पुरे. वादळातून शार्क पडतात, वाळूतून निघतात, भूत होऊन नळातून येतात. भीतीचं विडंबन व्हायला लागलं की ती जुनी झाली समजावं.

समुद्राला समुद्र म्हणून दाखवणारे सिनेमे बहुधा लहान बजेटचे आहेत. ‘ओपन वॉटर’मध्ये (2003) डुबकी मारायला नेणाऱ्या बोटीवरचा माणूस डोकी मोजताना चुकतो आणि एक जोडपं भर समुद्रात मागे राहतं. 1998मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर असं खरंच घडलं होतं. दिग्दर्शक ख्रिस केंटिसनं खरे शार्क वापरले. ते येतात, वळसा घालून जातात, पुन्हा येतात. कुणी डरकाळी फोडत नाही, कुणी सूड घेत नाही. नवरा-बायको घाबरतात, भांडतात, झोप काढतात, थंडीनं कुडकुडतात. मरणाच्या दारी नेतं ते अंतर, ऊन, पाणी आणि एका कर्मचाऱ्याची चुकलेली बेरीज. इतका कंटाळवाणा आणि इतका भीतिदायक शार्कपट दुसरा नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणानं. ऑस्ट्रेलियाचा ‘द रीफ’ (2010) याच जातीचा. ‘द शॅलोज’ (2016) देखणा आहे आणि शार्क तिथे का आहे याचं कारणही त्यात दिलं आहे, मेलेला देवमासा. पण शेवटाकडे माशाला वैर सुचतं आणि सिनेमा जुन्या रस्त्याला लागतो. ‘47 मीटर्स डाउन’ (2017) पिंजऱ्यात बसून शार्क बघण्याच्या धंद्यावर आहे. त्यातली भीती शार्कपेक्षा टाकीतल्या हवेच्या काट्याची जास्त. आणि ‘डेंजरस अ‍ॅनिमल्स’मध्ये (2025) सहलीला नेणारा बोटवालाच बायकांना शार्कपुढे टाकून त्याचं चित्रण करतो. शार्क बघायला पैसे देणारं गिऱ्हाईक आणि सिनेमाचा प्रेक्षक यांच्यात फार अंतर नाही, हे त्यात गमतीनं नव्हे, किळस येईल असं दाखवलं आहे.

दरम्यान प्रत्यक्षातला अ‍ॅमिटी बदलला. सागरी सस्तन प्राण्यांच्या 1972च्या कायद्यामुळे मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडवर सील परतले. 1997पासून अटलांटिकमध्ये ग्रेट व्हाइटला संरक्षण मिळालं, आणि सीलच्या मागोमाग तेही आले. ‘जॉज’ जिथे चित्रित झाला त्या बेटाच्या शेजारचा हा किनारा. 2018मध्ये तिथे शार्कच्या चाव्यानं एक तरुण गेला. त्या राज्यातला 1936नंतरचा पहिला मृत्यू. लगेच सील मारा, शार्क मारा अशी ओरड झाली, पण मारले नाहीत. आता किनाऱ्यावर सूचनाफलक आहेत, शार्क कुठे दिसला ते सांगणारं अ‍ॅप आहे आणि शार्कचे टी-शर्ट विकणारी दुकानं आहेत. महापौराच्या ते ध्यानात आलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी तिकीट लावलं असतं. दक्षिण आफ्रिकेत तर उलटाच खेळ झाला. 1991मध्ये जगात सर्वांत आधी ग्रेट व्हाइटला संरक्षण देणारा तो देश. तिथे 2017पासून ऑर्कांनी (किलर व्हेल) शार्क मारून त्यांची यकृतं तेवढी खायला सुरुवात केली. शार्कनी जागा सोडल्या आणि पिंजऱ्यातून शार्क दाखवणाऱ्यांचा धंदा बसला. ‘जॉज 2’मध्ये शार्कनं फाडलेला ऑर्का दाखवला होता. ‘ऑर्का’ (1977) या दुसऱ्या सिनेमात ऑर्का शार्कला मारतो. तो सिनेमा सुमार आहे, पण या बाबतीत त्याचं बरोबर निघालं.

आपल्या किनाऱ्यावर शार्क हा धाकाचा विषय क्वचितच होतो. मालवणच्या लिलावात आणि ससून डॉकवर तो मोरी किंवा मुशी म्हणून येतो, गोव्यात अंबोटीकमध्ये पडतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन ज्यांचा हंगाम सुरू होतो, त्यांच्यासाठी पाणी म्हणजे धंद्याची जागा, आणि धंद्यात जोखीम असायचीच. 2024च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कनं एका मासे धरणाऱ्याचा पाय फाडला. मटावनसारखीच भरती-ओहोटीची खाडी. बातमी झाली, चर्चा झाली, पण खाडीतले शार्क मारून काढा असं कुणी म्हटल्याचं निदान मी तरी ऐकलं नाही.

या देशात शार्कविषयीचा कायदा बदलायला कारण झालेला सिनेमा भयपट नव्हता. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी शेकड्यांनी मारले जात होते. माइक पांडे यांनी ते चित्रित करून ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ (2000) हा माहितीपट केला. 2001मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. पुढे कथाकार मोरारी बापूंनी त्याला माहेरपणाला येणारी लेक म्हटलं आणि तिथले मच्छीमार जाळी कापून मासा सोडू लागले. महाराष्ट्रातही 2018पासून संरक्षित जलचर सोडण्यासाठी जाळं कापलं तर वनविभागाच्या योजनेतून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो-व्हिडिओ द्यावा लागतो. म्हणजे बोटीवर कुणीतरी एका हातानं मोबाइल धरायचा आणि बाकीच्यांनी जाळं कापायचं. कोकणाच्या किनाऱ्यावरचे शार्कचे खरे सिनेमे हेच, आणि ते वनविभागाच्या फायलींत आहेत. त्यांतली गोष्ट मोठ्या पडद्यावर न्यायची म्हटली तर पटकथाकाराची पंचाईत होईल. शार्कच्या परांची निर्यात देशानं 2015मध्ये बंद केली, तरी छोट्या मोऱ्या रोज बाजारात येतात. दोष ट्रॉलरमालकाचा, व्यापाऱ्याचा, गिऱ्हाइकाचा की धोरण ठरवणाऱ्याचा, हे दोन तासांत ठरत नाही. आणि त्यातल्या कुणालाही हवेच्या नळकांड्यावर गोळी झाडून संपवता येत नाही.